आधी काय नाही ते लिही

प्रिय पोरी, आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीतल्या कल्पित जगाचा नकाशा मिळाला. सात राज्यं, प्रत्येकाचा झेंडा, देव, सण, लग्नाच्या रीती. आणि खाली तुझी ओळ : "सर, आता यांचा व्यापार कसा जोडू तेच सुचेना." सुचणार कसं? सगळ्यांकडे सगळं आहे. भरल्या घरचा माणूस बाजाराला निघेल कशाला? कुठल्या मुलखात काय नाही, ते आधी लिही.

तू विट्याकडची, तुला हे मी सांगावं? खानापूर-आटपाडीला पाऊस नव्हता, म्हणून माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. तुझ्या वाळवंटी राज्यात मात्र नुसते "शूर, मानी लोक". मानी असतील गं, खातात काय?

मिरजेचं बघ. हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तिथले शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे, धार लावणारे कारागीर, सतारी-तंबोरे करू लागले. त्याला लागणारा भोपळा मिरजेत नाही, तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. दोन "नाही" आणि एक अख्खा पेशा उभा. म्हणून म्हणतो, काय नाही ते लिही.

नकाशात डोंगरावरून वाटेचा सरळ बाण काढलायस. कुंभार्ली घाटानं कोकणातलं मीठ वर यायचं ते बैलांच्या पाठीवर. पावसाळ्यात वाट अडली की साठा हवा. साठा म्हटलं की सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं डोळ्यांपुढे आण. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत हळद. उघडल्याबरोबर कुणी उतरत नाही. आधी कंदील सोडून बघायचं, विझला तर आत हवा नाही. त्या कंदिलाभोवती तुझ्या लोकांचे नवस, शिव्या, मजुरीचे वाद आपोआप जमतील. २००५ च्या पुरात यातली बरीच पेवं गेली. तुझ्या नदीला पूर का येत नाही?

माझ्या कादंबरीतली मिठाच्या जकातीची पानं काढा, असं एका प्रकाशकानं कळवलं होतं. नाही काढली. हस्तलिखित कपाटात पडून आहे, त्याची हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू. पण ती पानं काढली असती तर माझा राजा त्या घाटासाठी लढला कशाला, हे कुणाला कळलं असतं? मी बरोबरच होतो.

रविवारी येताना झेंडे घरी ठेव. सात नावं आणि प्रत्येकापुढे एक नसलेली वस्तू, एवढाच कागद आण. उत्तरेकडची सोन्याची खाण आजच खोड. लोखंडही काढलंस तर फारच उत्तम.

तुझे,
सर