जास्वंदीवरचा पांढरा किडा: औषध फवारण्याआधी हे बघा

तुमचा फोटो पाहिला. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके, त्यातच एक जरा मोठा पांढरा किडा चालताना दिसला, आणि यावर कोणतं औषध मारू असं तुम्ही विचारलंय. पुंजके बहुतेक पिठ्या ढेकणाचेच (झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, मिलीबग) आहेत. पण तो चालणारा किडा मला पिठ्या वाटत नाही. म्हणून कृपा करून आज काही फवारू नका. आधी त्याचा एक नीट फोटो काढा.

का ते सांगते. क्रिप्टोलिमस नावाचा एक ढालकिडा (लेडीबर्ड भुंगेरा) आहे, मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली तो मुद्दाम भारतात आणला गेला. त्याची अळी पिठ्या खाऊनच वाढते आणि दिसतेही पिठ्यासारखीच, अंगभर पांढऱ्या मेणाचे झुबके. माझ्या कुंडीत ती पहिल्यांदा आली तेव्हा, केवढा माजलाय हा पिठ्या, असं म्हणत मी एकेक अळी जुन्या टूथब्रशने घासून साबणाच्या पाण्यात टाकली. पंधरा दिवसांत झाड पुन्हा पांढरं. मारलं होतं ते झाडाच्या राखणदारांना, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

फरक ओळखता येतो, फक्त जवळून बघावं लागतं. पिठ्याची मादी तीन-चार मिलिमीटरची, लंबगोल, पिठात लोळवल्यासारखी. कडेने आखूड, एकसारखे धागे. (काही जातींना मागे लांब शेपट्याही असतात, तेवढ्यावरून फसू नका.) सोंड झाडात खुपसून ती एका जागी बसलेली असते आणि डिवचलं तरी सावकाश सरकते. अळी पूर्ण वाढली की सेंटिमीटरहून लांब भरते, तिचे झुबके लांब आणि विस्कटलेले, आणि कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकेच स्पर्श केला की ती चक्क पळते. थोडं मेण पुसलं गेलं तर खालचं करडं, वळ्यावळ्यांचं अंग दिसतं. तिचा प्रौढ ढालकिडा चारेक मिलिमीटरचा, काळपट, डोकं आणि पंखांचं टोक नारिंगी. तोही आसपासच्या पानांवर शोधा.

आता फोटो. बऱ्याच स्वस्त मोबाईलमधल्या दोन मेगापिक्सेलच्या मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायच्या) लेन्सवर विसंबू नका. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून नंतर कापलेला फोटो त्याहून बरा येतो. क्लिपने लावायची मॅक्रो लेन्स मिळाली तर फारच छान. नाहीतर दहापट मोठं दाखवणारं भिंग कॅमेऱ्यासमोर धरा, माझी पहिली दोन वर्षं त्यावरच गेली. इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर जागाच स्पष्ट येते, म्हणून किड्याचं अंग लेन्सला समांतर हवं. फोकसची वाट बघत बसू नका: हाताचं कोपर कुंडीच्या काठावर टेकवा आणि मोबाईल केसभर पुढे-मागे नेत दहा-पंधरा फोटो काढा, एक तरी लागतोच. वारा असेल तर शेंडा दुसऱ्या हाताने धरा. थेट उन्हात पांढरं मेण नुसतं पांढरं फट्ट येतं, तपशील सगळा जातो. सकाळी सावलीत काढा किंवा उन्हाच्या बाजूला बटर पेपर धरा. मोबाईलचा फ्लॅश बंदच ठेवा, आणि चौकटीतल्या पांढऱ्या भागावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा.

एक वरून, एक बाजूने, एक तोंडाकडून असे तीन फोटो लागतील. शेजारी पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर मोहरीचा दाणा चालेल. अंदाजाने सांगितलेलं माप मी आता धरतच नाही, भिंगातून बघितलं की प्रत्येकाला किडा दुप्पट वाटतो. आणि चालण्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ जरूर घ्या, या जोडीत चालीवरूनच निम्मी ओळख पटते.

तोवर झाडावर मुंग्या आहेत का ते बघा. पिठ्यातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला जपतात आणि त्याला खाणाऱ्यांना हुसकतात. मुंग्या दिसल्या तर पाण्याने भरलेल्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवा, आणि फांद्या भिंतीला टेकत नाहीत ना तेही तपासा. फारच भरलेले एक-दोन शेंडे असतील तर तेवढेच कापा, पण कापण्याआधी त्यावरच्या अळ्या ब्रशने दुसऱ्या फांदीवर सोडा. अळ्या निघाल्या तर कडुलिंबाचं तेलसुद्धा सध्या नको.

पानांच्या मागच्या बाजूचाही एक फोटो घ्या. मुंग्या बहुतेक तिथेच असतात.