वळवाचा वारा आधी ओळखता येतो का?

प्रश्न : तळेगावजवळ आमचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. एप्रिल-मेमध्ये कधी जिल्ह्याला पिवळा इशारा असतो आणि इथं पानही हलत नाही. कधी एवढासा ढग येतो आणि छताचा प्लॅस्टिकचा कागद फाडून जातो. तासभर आधी काही कळेल का?
— एक वाचक, मावळ

उत्तर : तासभर आधी खात्रीनं नाही. मात्र आजचा दिवस वाऱ्याचा की नुसत्या पावसाचा, याचा अंदाज दुपारी दोनलाच बांधता येतो.

मोबाईलवर त्या वेळचं तापमान आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानाला गार झाली की दव धरतं, ते) पाहा. दोन्हींतल्या फरकाला 125 नं गुणलं की ढगाच्या तळाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये मिळते. तापमान 39 अंश आणि दवबिंदू 15 असेल, तर तळ सुमारे 3000 मीटरवर. एवढ्या कोरड्या हवेतून पडणारा पाऊस वाटेतच आटतो, त्यानं हवा गार आणि जड होते आणि ती जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. कागद फाडतो तो हाच वारा. जूनमध्ये 28 आणि 24 अंश असताना तळ 500 मीटरवर येतो. तेव्हा पाऊस धो धो, पण असा झोत सहसा नाही. म्हणून वळवात थेंब कमी पडले याचा दिलासा मानू नका. हवामान खातं ताशी 62 ते 87 किलोमीटर वाऱ्याचं वादळ तीव्र धरतं.

इशारा हुकतो, कारण तो लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंतच्या अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि झोत कित्येकदा चार किलोमीटरही रुंद नसतो. 2025 मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमची, म्हणजे हवामान अंदाजाच्या संगणकी मॉडेलची, एकेक चौकटच 6 किलोमीटरची आहे. तिच्यात घाटाचा कडा आणि पवनेचं खोरं एकाच सरासरीत जातात. मुंबईच्या रडारचा सर्वांत खालचा किरणही नव्वद-शंभर किलोमीटरवर सव्वा ते दीड किलोमीटर उंच गेलेला असतो, शिवाय मध्ये सह्याद्री. ढगाचा माथा दिसतो, जमिनीलगतचा वारा नाही. तरी दर तीन तासांसाठीचा तातडीचा इशारा जरूर पाहा, दिवसाच्या इशाऱ्यापेक्षा तो कामाचा.

प्रश्न : पश्चिमेकडचे पडदे आधी लावतो. बरोबर ना?

उत्तर : ही पावसाळ्याची सवय, वळवाला लागू नाही. ढग कुठं सरकेल हे साधारण तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचा वारा ठरवतो. तो पूर्वेचा असेल तर देशावर उठलेले ढग उलटे घाटाकडे येतात, कधी खाली कर्जत-बदलापूरपर्यंत उतरतात. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं रडारची दोन चित्रं ताडून पाहा. आधी ढगाच्या दिशेनं वाहणारा वारा पडतो आणि मग ढगाकडून गार झुळूक येते. ती आली की मिनिटंच उरली. पडदे चारही बाजूंचे लावा आणि दोऱ्या आवळा. एक बाजू उघडी राहिली तर आत शिरलेली हवा कागद खालून उचलते.

प्रश्न : विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पुरेसं नाही का?

उत्तर : विजेसाठी उत्तम. वाऱ्यासाठी त्यातल्या आपल्याभोवतीच्या 20 किलोमीटरच्या वर्तुळात वीज दिसणं हीच शेवटची घंटा माना: ताशी 50 किलोमीटरनं येणारा झोत ते अंतर 24 मिनिटांत कापतो, आणि तो विजांच्या पुढं धावतो. मजूर छतावर असतील तर 40 किलोमीटरच्या वर्तुळात वीज दिसताच खाली उतरवा.