बारावीचा पत्ता

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा बाजारात तुझे बाबा भेटले. खिशातून हैदराबादच्या कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक काढून दाखवलं. अकरावी-बारावी, होस्टेल, नीटची तयारी, सगळं एकाच छताखाली. पहिला हप्ता सोमवारी भरायचाय म्हणाले. मी "छान" म्हणालो खरा, पण घरी आल्यावर चैन पडेना. तो हप्ता भरायच्या आत हे पत्र वाच.

नीटचा पेपर देशभर एकच, मग कुठेही शिकलं तरी काय फरक पडतो, असं तू म्हणशील. गुण तेवढेच राहतील रे, पण त्या गुणांवर तुला कुठल्या जागा मागता येतील, ते बदलेल. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या १०० जागांतल्या १५ देशभरासाठी खुल्या असतात, ८५ राज्याच्या. आपल्या राज्याच्या ८५ मध्ये बसायचं तर डोमिसाइल, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला लागतो, आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्याच शाळा-कॉलेजातून पास झालेली लागते. बोर्ड सीबीएसई असलं तरी चालतं, कॉलेज राज्यात हवं. तुझी दहावी उदगीरची आहे. बारावी हैदराबादची झाली की संपलं.

मग तेलंगणा तरी तुला आपलं म्हणेल का? तिथल्या स्थानिक जागांसाठी नववी ते बारावी सलग चार वर्षं तिथेच शिकलेलं लागतं. तुझी होणार दोन. म्हणजे धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. मुख्यतः उरतात देशभराच्या त्या १५, आणि खाजगी अभिमत विद्यापीठं, ज्यांची फी ऐकून बाबा मटकन खाली बसतील.

हे मला माहितीपुस्तिका वाचून कळलं असतं तर बरं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हुशार मुलीला "जा बिनधास्त" असं मीच सांगितलं होतं. निकालानंतर ती फॉर्म घेऊन माझ्याकडेच आली. 'बारावी कोणत्या राज्यातून' या रकान्यावर तिनं बोट ठेवलं होतं. बोलली काहीच नाही. तेव्हापासून मी अकरावीच्या मुलांना आधी हा रकाना दाखवतो, मग अभ्यासाचं बोलतो.

राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला जाणाऱ्यांचंही हेच. म्हणून काही जण इथल्या कॉलेजात नाव घालतात आणि क्लास तिकडे करतात. हजेरीपट न बघता भरला जातो. मी चाळीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस, मला ते पचत नाही. आणि उद्या कुणी तपासलं तर भोगायचं तूच, क्लासवाला नाही. लातूर इथून दीड-दोन तासांवर आहे. तिथे काय कमी आहे, ते तुझ्या बाबांनी मला सांगावं.

व्हॉट्सअॅपवर "सुप्रीम कोर्टानं राज्याचा कोटा रद्द केला" असं फिरतंय, तेही तुला कुणीतरी पाठवलं असेलच. तो निकाल २९ जानेवारी २०२५चा, आणि एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशातल्या रहिवासी आरक्षणापुरता. तुझे ८५ जागच्या जागी आहेत.

आता तुझा दुसरा विचार, इंजिनिअरिंगचा. इथे पालक ७०:३० मध्ये हमखास घोळ घालतात. मेडिकलला पूर्वी तसा विभागवार कोटा होता, ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० अख्ख्या राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी, त्यामुळे आपल्या मुलांना जास्त गुण मिळवूनही हात चोळत बसावं लागायचं. २०२०च्या सप्टेंबरात तो गेला. इंजिनिअरिंगचा ७०:३० वेगळा, तो विद्यापीठावर चालतो: ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना, ३० बाहेरच्यांना. बारावी जिथून, तिथलं विद्यापीठ तुझं 'होम'. उदगीर किंवा लातूरहून केलीस तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. मग पुण्यातल्या बहुतेक खाजगी कॉलेजांत तू उरलेल्या ३० टक्क्यांत. घर उदगीरला असलं आणि बारावी पुण्यात केलीस, तर होम विद्यापीठ पुणे.

कटऑफची यादी उघड आणि कोडचं शेवटचं अक्षर बघ. 'जीओपन' म्हणजे खुल्या प्रवर्गाची जागा, तिच्यापुढे एच असेल तर होमवाल्यांची जागा, ओ असेल तर बाहेरच्यांची, एस असेल तर अख्ख्या राज्याची. पुण्याचं सीओईपी (जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) किंवा अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज यांच्यापुढे एस दिसेल. तिथे बारावी उदगीरची की पुण्याची, कुणी विचारत नाही. म्हणून नुसत्या 'एच'साठी पुण्यात दोन वर्षं खोलीभाडं आणि मेस भरणं मला तरी परवडणारं वाटत नाही. आधी एच आणि ओ शेजारी-शेजारी ठेवून फरक किती पडतो ते बघ. काही शाखांत तो डोळ्यांत भरतो, काहींत नावालाही नसतो. एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांतही निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या, आणि राज्य ठरतं बारावीवरून. हैदराबादला गेलास तर नागपूरच्या व्हीएनआयटीत तू परराज्यातला.

राहिलं डोमिसाइल. तू पहिलटकरणीचा, म्हणून जन्म आजोळी, बीदर जिल्ह्यात. टीसीवर जन्मस्थळ कर्नाटकातलं आहे. घाबरू नकोस, अधिवास जन्मावरून नाही, राहण्यावरून ठरतो. पण तहसीलचा कारकून तिथेच अडखळणार. म्हणून बाबांचा डोमिसाइल दाखला, रेशनकार्ड, तलाठ्याचा रहिवासी दाखला आणि पहिलीपासूनचे शाळेचे दाखले आत्ताच एका फाइलीत लाव. निकालाच्या आठवड्यात सेतूत किती रांग असते ते तू पाहिलेलं नाहीस.

आणि हो, तुझ्या मामेबहिणीला निरोप दे. मामाचं गाव महाराष्ट्रानं मागितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी असेल आणि ती तिथेच राहून शिकली असेल, तर मातृभाषा मराठी म्हणून तिला इथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'ई' प्रकारातून अर्ज करता येतो. घरात कुणालाच हे ठाऊक नसणार.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन ये. ते माहितीपत्रक आण, टीसीची झेरॉक्सही आण. मूळ प्रत आणू नकोस, मागच्या वेळी माझ्या चहाचा डाग एका पोराच्या गुणपत्रिकेवर पडला होता.

तुझे
सर