बैल रुळले म्हणून 'रुळणे'?

एका वाचकांचा प्रश्न: "वडोदऱ्यातल्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी डभोईचा इतिहास लिहितोय. 'रूळ' लिहू की इथे आपण म्हणतो तो 'पाटा'? आणि 'रुळणे' हा शब्द डभोईच्या बैलांवरून आला, हे खरं का?"

दुसरं आधी घेतो, कारण ही बैलकथा ऐकून कान किटले आहेत. बैल खरे आहेत. 1862 मध्ये वडोदऱ्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या कारकिर्दीत डभोई-मियागाम मार्गावर अडीच फुटी रेल्वेलाइन पडली आणि डबे बैल ओढू लागले. रूळ इतके हलके, की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. काळ्या मातीतला कापूस असा मियागामला मोठ्या लाइनीपर्यंत पोचायचा. इथवर ठीक. मग व्याख्याते सांगतात, बैल त्या वाटेला सरावले, म्हणजे 'रुळले'! टाळ्या.

अहो, तुकोबांच्या विठ्ठलाच्या कंठी वैजयंती माळ रुळते, ती आगगाडीच्या दोनशे वर्षं आधी! केस खांद्यावर रुळतात, पदर जमिनीवर रुळतो. माझ्या मते हा शब्द संस्कृत 'लुल्' (हलणे, झुलणे) या क्रियापदाच्या धातूचा, म्हणजे 'लोल', 'लोलक' यांच्या घरातला. हेलकाव्यातून ये-जा, ये-जा होऊन रुळलेली वाट, आणि शेवटी सासरी रुळलेली सून. लोखंड आलं कुठे यात? लोंबण्याचा धातू वेगळा, सरावण्याचा वेगळा असं मानणाऱ्यांनी 'रुळलेली वाट' कोणत्या खात्यात टाकायची तेवढं सांगावं.

लोखंडी 'रूळ' मात्र साहेबाचा. कारकुनाच्या मेजावर रेघा आखायचा गोल दांडका असे, मास्तरांच्या हातातही तोच. त्या 'रूलर'चा झाला रूळ, आणि तेच नाव लोखंडी दांड्यांना चिकटलं, असं मी मानतो. हा 'रेल'चा अपभ्रंश आहे म्हणणारेही भेटतात. 'रेल्वे'तला 'रे' शाबूत ठेवणाऱ्या जिभेला इथेच 'रू' करायची काय हौस आली?

हां, पाटा. तो गुजरातीतून आलेला, वडोदऱ्याच्या मराठीत चांगला मुरलेला. घरी खुशाल म्हणा, पुण्याचे पाहुणे वरवंटा शोधतील एवढंच. स्मरणिकेत 'रूळ' लिहा. आणि 1731 मध्ये बाजीराव आणि त्रिंबकराव दाभाडे यांच्यात झालेल्या लढाईवर परिच्छेद असेल, तर मराठी इतिहासात ती 'डभईची लढाई' आहे. तिथे तरी 'डभोई' नको.