शेतात व्हिडिओ काढताना कॅमेऱ्यावर कोणता लाईट लावावा?

तुम्ही लिहिलंय की लातूरकडं शेतीचे व्हिडिओ करता, दुपारी शेतकऱ्याचा चेहरा काळा येतो आणि त्यासाठी कॅमेऱ्यावर लावायला लाईट हवाय. मी औसा-निलंगा भागात लग्नं आणि शेतातले कार्यक्रम शूट करतो, म्हणून लिहितोय.

दुपारच्या उन्हासाठी लाईट घेऊच नका. भर उन्हाचा उजेड १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) घरात असतो. कॅमेऱ्यावरचा छोटा एलईडी पॅनल १ मीटरवर १००० लक्स देत असेल तर माणूस २ मीटरवर गेला की २५०च उरतात. अंतर दुप्पट, उजेड पाव. त्यापेक्षा माणसाला लिंबाच्या सावलीत उभं करा, मागं तळपणारं रान येणार नाही असं वळवा, आणि थर्माकोलचा पांढरा शीट धरून ऊन चेहऱ्यावर परतवा. पन्नास-शंभर रुपयांत काम होतं.

लाईटचं खरं काम येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेला कळतं. कडब्याच्या कोपीत (छोट्या झोपडीत) पूजा चालू असते, आत अंधार आणि दारातून उजेडाचा लोंढा. तिथं माणूस हाताच्या अंतरावर असतो, तेव्हा हाच छोटा पॅनल ५६०० केल्विनवर (दिवसाच्या पांढऱ्या उजेडाच्या रंगावर) ठेवला की चेहरा उघडतो. दिवस मावळल्यावर हेंडगा (कडब्याची मशाल) पेटला की मात्र पॅनल ३२०० वर, म्हणजे पिवळसर रंगावर आणा आणि अगदी मंद करा, नाहीतर त्या जाळाचा सगळा रंग धुऊन जातो. म्हणून हे दोन्ही रंग देणारा बायकलरच घ्या.

वॅटच्या आकड्याला भुलू नका, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) बघा. ९५च्या खालचा नको. मी सुरुवातीला एक स्वस्तातला घेतला होता. संध्याकाळी अंगणात हळदीचा कार्यक्रम, आणि नवरीच्या गालावरची हळद हिरवट आली. एडिटिंगमध्ये दोन रात्री घालवल्या, तरी तो रंग पूर्ण सुधारला नाही. त्या घरच्यांना तो व्हिडिओ देताना फार वाईट वाटलं.

बॅटरी एनपी-एफ जातीची (व्हिडिओ लाईटवर नेहमी चालणारी), काढता-घालता येणारी असावी. हिशोब सोपा आहे: ४५ वॅट-अवरची बॅटरी १५ वॅटचा पॅनल पूर्ण जोरात जवळपास ३ तास चालवते. पण मोठी बॅटरी लावली की कॅमेऱ्याचा तोल वर जातो, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) असेल तर त्याचा विचार आधी करा. आणि एप्रिल-मेमध्ये बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका. माझी एक तशीच फुगली. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पाण्याच्या घागरीशेजारी, सावलीत, कोरड्या पिशवीत ठेवतो आता.

दुकानात एक गोष्ट नक्की करा. पॅनल १० टक्क्यांवर आणा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये त्याचा व्हिडिओ काढा. पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतोय, तो तिथंच परत द्या, दुसरा मागा.