वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतल्या व्हिडिओ कॅसेटी

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा वडील औशाला शिक्षक होते. त्यानंतरच्या दिवसांतील दूरदर्शनच्या बातम्या त्यांनी व्हीएचएस कॅसेटींवर टेप करून ठेवल्या होत्या. माळ्यावरच्या ट्रंकेत अशा तीन कॅसेटी निघाल्या. एकीच्या खिडकीतून आत पांढरे ठिपके दिसतात. घरात जुना व्हीसीआर आहे. भावाचे म्हणणे, एकदा लावून तर पाहू. लावावी का? – एक वाचक, लातूर

उत्तर : लावू नका. ते ठिपके बहुधा बुरशीचे आहेत, आणि बुरशी लागलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की बुरशी हेडवर, म्हणजे पट्टीवरचे चित्र वाचणाऱ्या भागावर, बसते व त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटलाही लागते. व्हीसीआरच्या आतले हेडचे दंडगोल मिनिटाला १५०० फेरे घेत असते आणि जेमतेम अर्धा इंच रुंदीची पट्टी त्याला घासून सरकते, त्यामुळे चिकट झालेली पट्टी तिथे गुंडाळली गेली तर ती सोडवताना चुरगळते किंवा तुटते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या गावच्या सप्ताहातील काल्याच्या कीर्तनाची कॅसेट मी अशाच हौसेने लावली होती. अभंगाचे पहिले चरण ऐकू आले, मग खरखर झाली आणि शेवटी स्क्रू काढून कात्रीनेच पट्टी बाहेर काढावी लागली.

पट्टीवरचे चुंबकीय कण एका चिकट थराने प्लॅस्टिकला धरून ठेवलेले असतात. हा थर दमट हवेतील पाणी शोषून हळूहळू मऊ पडतो. आपल्याकडे वैशाखात पत्र्याखाली भट्टी पेटावी तसे तापते आणि श्रावणात भिंतींना ओल येते. असे तीस उन्हाळे-पावसाळे त्या ट्रंकेने सोसलेले आहेत. तेव्हा आधी कॅसेटी घरातील सर्वांत थंड व कोरड्या खोलीत हलवा, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा आणि ठिपके असलेली कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, तो तोडला की कॅसेटवर चुकून दुसरे काही टेप होत नाही. बुरशीची कॅसेट स्वच्छ करण्याचे काम घरी कापूस घेऊन करू नका, जाणकाराकडेच द्या. उरलेल्या दोन कॅसेटी निर्दोष दिसल्या तरी नुसत्या पाहण्यासाठी लावू नका. संगणकावर नक्कल करण्याची सगळी तयारी झाल्यावरच लावा, कारण प्रत्येक वेळी थोडी झीज होते आणि कदाचित ती एकदाच नीट चालेल.

नक्कल करणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. पहिली, आकार लहान करण्यासाठी फाइल फार दाबू (कॉम्प्रेस करू) नये. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) प्रकारात ठेवली तर तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ती काहीच नाही. दुसरी, मधले काही कापू नये. निवेदिकेची घोषणा, साबणाची जाहिरात, ‘व्यत्यय’ची पाटी, वीज गेल्याने तुटलेला भाग, हे सर्व राहू द्या. बातमीची मूळ फीत दूरदर्शन केंद्राने जपली असेलही, पण त्या संध्याकाळी लातूर जिल्ह्यातील एका घरात पडद्यावर नेमके काय आणि कोणत्या क्रमाने दिसले, ते फक्त तुमच्या वडिलांच्या कॅसेटवर आहे. टेप महाग असल्याच्या काळात मोठमोठ्या प्रसारण संस्थाही त्या पुसून पुन्हा वापरत. बीबीसीने पुसलेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नऊ भाग २०१३ साली थेट नायजेरियातील एका प्रक्षेपण केंद्राच्या साठवणखोलीत मिळाले.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांच्या शूटिंगच्या दोनेकशे कॅसेटी गिऱ्हाइकांनी नेल्याच नाहीत. व्हीसीआरसह भंगारात द्यावे म्हणतो. – एक वाचक, परभणी

उत्तर : कॅसेटींचे नंतर पाहू, व्हीसीआर मात्र मुळीच देऊ नका. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि त्यानंतर नवे यंत्र निघालेच नाही. आज चालू स्थितीतील यंत्र कॅसेटपेक्षा दुर्मीळ आहे. शक्य असेल तर कॅसेटींवरील नावे वहीत उतरवून त्या घरांना कळवा. त्या काळचे मांडव, वाजंत्री आणि पंगती, शिवाय आता हयात नसलेली माणसे चालता-बोलताना त्यांत आहेत. आणि लातूरच्या वाचकांसारखे कोणी दारात आले तर नक्कल करून द्या; त्यात चार पैसेही सुटतील.

प्रश्न : टेप केलेले जुने कार्यक्रम यूट्यूबवर टाकले तर चालतील का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : स्वतःच्या घरगुती वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिचित्रमुद्रणाला प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ मधील कलम ३९ सवलत देते. जाहीरपणे दाखवणे निराळे. प्रसारणावरील प्रसारकाचा हक्क पुढील कॅलेंडर वर्षापासून २५ वर्षे टिकतो, म्हणून १९९३ च्या प्रसारणाचा तो हक्क संपला. पण आतील चित्रफीत, संगीत व लेखन यांचे हक्क याहून बरेच लांब चालतात. तेव्हा परवानगी मिळेपर्यंत तीन प्रती करा, त्यांतील एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवा, आणि टेप कोणी, कोणत्या तारखेला केली ते प्रत्येक फाइलच्या नावातच लिहा.