बर्फावरचे बारके जिग आपल्याकडे: साचा नको, कथील आणा

दादा, तुमचं विचारणं असं आहे: बर्फाला भोक पाडून मासे धरायचे व्हिडिओ बघितले, तसले बारके जिग, म्हणजे दांडीवरच धातूचं वजन चढवलेले गळ, घरी करायचेत. गॅरेजमधून चाकांची शिशाची वजनं आणून ठेवलीत. ती गॅसवर वितळवून ओतायला साचा कुठं मिळेल, आणि पैठणला नाथसागरावर हे जिग चालतील का? शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीचं त्यातूनच सुटतं.

तिकडं फिनलंड, रशिया, मिनेसोटाकडं तळं गोठतं. माणूस भोकाच्या तोंडाशी बसतो आणि मासा सरळ त्याच्या पायाखाली असतो. फेकायचं काहीच नसतं, नुसतं खाली सोडायचं. थंड पाण्यात मासा सुस्तावतो, मोठ्या खाण्यामागं धावत नाही, म्हणून जिग अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम इतका बारीक. आता तो अर्ध्या ग्रॅमचा जिग तुम्ही नाथसागराच्या काठावरून फेकणार असाल तर वारा तो परत तुमच्याच पायाशी आणून टाकील. शिवाय नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि धरणातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडून संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. माजलगाव, येलदरीलाही तेच.

मग हे जिग आपल्याकडं कुठं चालतात? विहिरीत. मराठवाड्यातल्या शेतातली बांधीव विहीर ही या कामाला बर्फाच्या भोकासारखीच जागा आहे: वर तुम्ही, खाली सरळ पाणी, वारा नाही, फेकायला जागा नाही. कुणीतरी कधीतरी सोडलेली चिलापी बऱ्याच विहिरींत सापडते, आणि ती बारकं खाणं आधी तोंडात घेऊन बघते. शेततळ्यावर मात्र हा उद्योग नको. खालच्या प्लास्टिकच्या अस्तरात गळ रुतला तर मालक पुन्हा बांधावर उभं करणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

आता शिसं. ते घरात वितळवू नका. स्वयंपाकघरात तर नाहीच नाही. वितळलेल्या शिशावर जी राखेसारखी साय येते, तिची धूळ हाताला, ओट्याला, लेकरांच्या तोंडाला लागते. साच्यात किंवा पळीत पाण्याचा थेंब राहिला तर त्याची क्षणात वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. घरी केलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात हा ओलावा हमखास असतो. चाकांच्या वजनांत हल्ली जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. जुन्या बॅटरीच्या पट्ट्यांकडं तर बघूसुद्धा नका. आणि पाण्यात तुटून राहिलेलं बारकं शिसं बदकं-हंस खड्यांबरोबर गिळतात. इंग्लंडमध्ये हंस मरू लागले तेव्हा 1987 पासून गळाच्या शिशाच्या बहुतेक बारक्या वजनांवर बंदी आली.

टंगस्टनचं कौतुक व्हिडिओत फार असतं. त्याचं कारण घनता. शिशाची 11.3, टंगस्टनची 19.3, कथलाची 7.3. एक ग्रॅमची गोळी धरली तर टंगस्टनची साधारण 4.6 मिलिमीटर, शिशाची 5.5, कथलाची 6.4. बर्फाखाली खोल पाण्यात पटकन उतरायचं तर टंगस्टन बरं. पण ते वितळतं 3422 अंशाला, म्हणजे घरी ओतायचा प्रश्नच नाही. भोक पाडलेले तयार मणी घेऊन गळावर चिकटवावे लागतात. विहिरीत मला कथीलच आवडतं. जिग जरा सावकाश उतरतो आणि चिलापी बऱ्याचदा उतरतानाच घेते.

कथील 232 अंशाला वितळतं, म्हणजे साध्या सोल्डरिंगच्या इस्त्रीवर. साठ वॅटची असली तर काम लवकर होतं. कल्हईवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडून तुकडा घ्या, पण त्यात शिशाची भेसळ नाही ना ते विचारा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरची तार घेणार असाल तर वेष्टनावर ‘लेड-फ्री’ लिहिलेलं बघा. नेहमीच्या 60/40 तारेत चाळीस टक्के शिसंच असतं.

साचा लागत नाही. रशियात असल्या जिगला मोर्मिश्का म्हणतात, आणि तिथं घरगुती मोर्मिश्का गळाच्या दांडीवरच धातूचा थेंब चढवून करायची जुनी पद्धत आहे. मी तीच थोडी आपल्या बाजाराप्रमाणं फिरवून करतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे पडलेले असतात, अर्धा मिलिमीटरच्या आतली तार मागून आणा. ब्लेडनं खरवडून तिच्यावरचं इनॅमल पूर्ण काढा, नाहीतर कथील धरणार नाही. बारा किंवा चौदा नंबरचा गळ घ्या (नंबर वाढला की गळ बारीक होतो), नेढ्याजवळची अर्धी दांडी पॉलिश पेपरनं घासून उघडी करा आणि तिथं तारेचे आठ-दहा घट्ट वेढे द्या. वेढे देताना मधेच तारेची बारीक कडी काढायची, गळाचं टोक ज्या बाजूला आहे त्या बाजूला. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) नेढ्यात नाही, या कडीत बांधायचा.

तांब्याचे वेढे का, तर नुसत्या पोलादावर साधी सोल्डरिंग पेस्ट नीट काम करत नाही, थेंब घरंगळून पडतो. तांब्यावर मात्र कथील पसरतं. कल्हईचा नवसागर वापरला तर पोलादावरही धरतं, पण त्याचा पांढरा धूर घशाला लागतो आणि राहिलेला अंश गळाला गंज आणतो. पेस्ट बरी.

गळ कपड्याच्या लाकडी चिमट्यात धरा, टोक खाली. पेस्ट लावा, इस्त्रीनं वेढे तापवा, कथील टेकवा. आधी पातळ थर बसू द्या. तो बसला की मग पाठीच्या बाजूला, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूला, थेंबाथेंबानं पोट वाढवा. दोन थेंबांच्या मधे थांबून निवू द्या, नाहीतर आधीचा थेंब वाहून जातो. टोकाच्या बाजूला कथील साठलं की गळाचं तोंड बुजतं आणि मासा लागत नाही. दुसरं, गळ गॅसच्या ज्योतीत धरू नका. पोलादाचं पाणी उतरतं आणि पहिल्याच ओढीला गळ सरळ होतो. इस्त्रीचा तेवढा ताप त्याला सोसतो. वजन बघायला सोनाराकडं असतो तसला छोटा काटा असला तर उत्तम, नसला तर अडत नाही.

खरं काम इथून पुढं आहे, आणि व्हिडिओवाले ते दाखवत नाहीत. जिग दोऱ्याला टांगा आणि बघा. तो आडवा लटकला पाहिजे, टोक वर. डोकं फार खाली गेलं तर डोक्याकडचं कथील कानशीनं थोडं काढा. गळाचा वाक खाली लटकत असेल तर डोक्याकडं एक थेंब वाढवा. कडी दोन्हीकडं किंचित वाकवूनही फरक पडतो. आमिष लावल्यावर मागची बाजू जड होते, म्हणून रिकामा जिग डोक्याकडं अगदी थोडा झुकलेला ठेवायचा. आडवा जिग थरथरला की किडा पोहल्यासारखा दिसतो. उभा लटकणारा जिग माझ्या मते विहिरीत निम्म्यानं तरी कमी घेतात.

रंगाबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, मी दोन ओळींत उरकतो. सोड्याच्या पाण्यात जिग धुऊन वाळवा. आधी पांढरं नेलपॉलिश, ते सुकल्यावर नारिंगी किंवा पोपटी. पांढऱ्याशिवाय वरचा भडक रंग मळकट दिसतो. घरात विचारून घ्या, एवढंच.

जिग इतका हलका की मासा तोंडात घेऊन थुंकला तरी हाताला कळत नाही. त्याला उपाय म्हणजे जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी. बोटभर लांब, बुडाशी चार मिलिमीटर, टोकाकडं दोन. टोकाला तापल्या सुईनं भोक पाडा, ती काठीच्या शेंड्याला रबरानं बांधा आणि तंगूस भोकातून घ्या. जिगच्या वजनानं पट्टी थोडी वाकली पाहिजे. अजिबात वाकली नाही तर ती अरुंद करा. तंगूस 0.16 मिलिमीटरच्या आसपासचा. गांडुळाचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा लावा, जिग तळाला टेकवा, वीतभर उचला, बारीक थरथरवा, मग चांगला श्वासभर थांबवा. पट्टी खाली गेली तर ओढायचंच. पण ती सरळ झाली तरी ओढायचं, कारण मासा जिग घेऊन वर येतोय. नवखे लोक हे दुसरं सोडून देतात.

विहिरीत पाणबुडी मोटारीची केबल, पाइप आणि दोर कुठल्या कोपऱ्यात आहेत ते आधी मालकाला विचारा आणि समोरच्या बाजूला बसा. कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्यानं जाऊ नका.

राहिली ती आणलेली वजनं. भंगारवाल्याला परत देऊन टाका, आणि ती ज्या पिशवीत ठेवलीत ती पिशवी घरात दुसऱ्या कामाला वापरू नका.